काळी पाचचा पंखा

श्रीपाद रेगे कोणत्याही वस्तूशी ओळख करून घेताना आधी तिला हाताची पालथी बाजू लावीत. आमचा नवा फ्रीज आला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीला हात लावला, माझ्या नवऱ्याच्या स्कूटरच्या इंजिनाला लावला, इस्त्रीवाल्याने आणून दिलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला लावला, आणि प्रत्येक वेळी क्षणभर डोळे मिटून एक आकडा सांगितला. “अठ्ठेचाळीस.” तो खरा की खोटा हे तपासण्याचे साधन आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते, त्यामुळे तो सर्वमान्य होता. एकदा सोसायटीच्या सभेला अध्यक्ष पाऊण तास उशिरा आले आणि गुडगावहून येताना वाहतुकीत अडकल्याची हकिगत रंगवून सांगू लागले. रेगेकाका निमूटपणे उठले, खाली गेले, परत आले आणि म्हणाले, “बॉनेट गार आहे.” मराठीत म्हणाले, म्हणून आधी फक्त आम्हा दोन घरांना हसू आले. मग त्यांनी तेच हिंदीत सांगितले आणि सभा संपली.

ही मेट्रो यायच्या आधीची, दिल्लीतली द्वारका. सेक्टरांना आकडे मिळाले होते, झाडे मिळायची होती. दिवसभर ओल्या सिमेंटचा आणि कोरड्या धुळीचा वास आलटून पालटून येई. टँकरचे पाणी टाकीत कोसळताना जिने थरथरत. दर काही मिनिटांनी एखादे विमान इतके खालून जाई की गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर त्याची सावली पडे. आमच्या समोरच्या दारामागे रेगे पतिपत्नी राहत. मुलगा शिकायला बंगळूरला. काका एका केंद्रीय मंत्रालयाच्या खरेदी विभागात, आणि कुमुदिनीकाकू मिरजेत गाणे शिकून लग्नानंतर दिल्लीत आलेल्या. मैफिली त्यांनी फार केल्या नाहीत. रियाज मात्र सकाळी सहाला आणि दुपारी चारला, बाहेर आंधी असो की पाहुणे.

काकूंचा षड्ज काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर. आमच्या दोन घरांतली भिंत ठेकेदाराने इतक्या मनमोकळेपणाने बांधली होती की तो सूर आमच्या स्वयंपाकघरात पाणी भरावे तसा भरत जाई. फोडणीतली मोहरी तडतडून थांबली की मागे तानपुरा उरे. मी त्या सुमारास कवितेच्या नादी लागलेली होते. ओळी सुचत त्या काळी पाचमध्येच सुचत, आणि तरीही वाईट असत. तो दोष काकूंचा नव्हे.

निवृत्तीला पाच वर्षे उरली असताना काकांनी संगणक घेतला, आणि त्या घराची शांतता बिघडायला सुरुवात झाली.

नुसता संगणक आमच्या मजल्यावर आणखीही दोघांकडे होता. काकांच्या संगणकाची गोष्ट वेगळी. त्याच्या प्रोसेसरवर, म्हणजे त्या यंत्राच्या नखाएवढ्या मेंदूवर, कंपनीने तीनशेचा वेग छापला होता. काकांनी आतल्या दोन-तीन कळा फिरवून त्याला साडेचारशेवर पळायला लावले. का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“सरकारनं मला तीस वर्षं निम्म्या वेगानं चालवलं. मी कॉलेजातून निघालो तेव्हा माझ्यावर छापलेला आकडा बराच मोठा होता हो. निदान घरातलं एक तरी यंत्र छापल्यापेक्षा जास्त धावू दे.”

त्या दीडपट वेगाने ते काय करीत, असे काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारीत आणि उत्तरही स्वतःच देत: “पत्ते खेळतात. एकटेच. आणि पूर्वीपेक्षा लवकर हरतात.”

वेग वाढला की उष्णता वाढते, आणि उष्णता कोणीतरी वाहून न्यावी लागते. प्रोसेसरच्या माथ्यावर धातूच्या पातळ पापुद्र्यांचा एक ठोकळा बसवतात, त्याच्यावर छोटा पंखा. धातू ताप शोषून घेतो, पंखा तो उडवून लावतो. कंपनीने दिलेला ठोकळा तीनशेच्या हिशेबाचा. साडेचारशेवर तो मे महिन्याच्या दुपारी हात टेकी. पत्त्यांचा डाव रंगात आला की पडदा निळा होऊन यंत्र ठप्प होई आणि काका कॅबिनेटच्या पत्र्याला पालथा हात लावून डोळे मिटीत. तेव्हा ते आकडा सांगत नसत.

मग त्यांनी सायबर कॅफेतून परदेशी लोकांनी लिहिलेली परीक्षणे छापून आणली. कोणता ठोकळा किती ताप ओढतो, पंख्याचा आवाज किती, असे सगळे त्यात बारकाईने लिहिलेले होते. पहिल्याच पानावर ते अडले. चाचणी घेतली तेव्हा खोलीचे तापमान बावीस होते.

“बावीस?” काका म्हणाले. “हा माणूस जानेवारीत राहतो.”

आमच्या खोल्यांत त्या आठवड्यात बेचाळीस होते. काकांनी तो सगळा गठ्ठा काकूंना कपाटात अंथरायला दिला, आणि तुमच्याआमच्यासारख्या दिल्लीकर माणसाला जे सुचावे तेच त्यांना सुचले. खिडकीत बसवलेल्या वाळ्याच्या कूलरसमोर त्यांनी कॅबिनेटचे झाकण काढून ठेवले. पहिले चार दिवस यंत्र सुखात होते. ओल्या वाळ्याचा हिरवा, मातकट वास तारांमधून, चिपांमधून फिरत पलीकडे येई. काका म्हणत की देशातला हा एकमेव संगणक आहे जो अत्तर लावून बसतो. पाचव्या दिवशी तो उठला नाही. काकांनी टॉर्च घेऊन पाहिले, तर आतल्या हिरव्या पाटीवर पांढरी, खडबडीत साय धरली होती. द्वारकेच्या टँकरचे पाणी! ज्या पाण्याने आमच्या बादल्यांच्या कडांना आणि केसांना चुना चढत असे, तेच बारीक तुषार होऊन यंत्राच्या पोटात गेले होते. काकांनी ती पाटी जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने तीन संध्याकाळी घासली. काकू एवढेच म्हणाल्या, “माझी तांब्याभांडी कधी इतक्या प्रेमानं घासली असती तर.”

यंत्र वाचले. मग काका पेटले आणि बाजारातला सगळ्यात जोरदार ठोकळा घेऊन आले. त्याच्या डोक्यावरचा पंखा तळहातापेक्षा लहान होता आणि मिनिटाला पाच हजार फेरे घेई. ताप झटक्यात उतरला. पण त्या पंख्याचा आवाज! दाताच्या डॉक्टरचे यंत्र शेजारच्या खोलीत चालू असावे आणि आपला नंबर पुढचा असावा, तसा तो आवाज कानातून मानेत उतरत असे. रेग्यांच्या आतल्या खोलीत मुलाचा पलंग, ट्रंका आणि गहू. त्यामुळे संगणक आणि तानपुरा दोघांचे बिऱ्हाड बाहेरच्याच खोलीत, एकमेकांपासून चार हातांवर.

त्या दुपारी चारला मी ताक मागायला गेले होते. काकूंनी तानपुऱ्याच्या तारा छेडल्या, आ लावला, थांबल्या, खुंटी पिळली, पुन्हा लावला, पुन्हा थांबल्या. मग त्यांनी तानपुरा मांडीवरून उतरवून आडवा ठेवला आणि गवसणी घालायला घेतली. चारला उघडलेला तानपुरा सव्वाचारला झाकला जाताना मी तोवर पाहिला नव्हता.

“अहो,” त्या म्हणाल्या, “या घरात एकच षड्ज राहील. माझा राहणार असेल तर सांगा. नाहीतर मी मिरजेला जाते, तिथं खोल्या पुष्कळ आहेत.”

काकू धमक्या देणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणूनच काकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइल उघडली.

हे अक्षरशः घ्यायचे. तपकिरी पुठ्ठ्याची, फीत लावलेली फाइल, वर सुवाच्य अक्षरात ‘विषय: शीतक-निवड’. खरेदीचे कोणतेही काम समितीशिवाय केल्यास ते पाप आहे अशी काकांची धारणा होती. अध्यक्ष ते स्वतः, बाधित पक्ष म्हणून काकू, आणि तटस्थ सदस्य म्हणून मी, कारण मी कोपर्निकस मार्गावरच्या एका कचेरीत भाषांतरे करीत असे आणि माझे कोणत्याच विषयावर ठाम मत नसे. पहिल्या टिपणात त्यांनी लिहिले होते की सर्वात स्वस्त माल घेण्याचा नियम आपण तीस वर्षे पाळला, त्याची फळे देश भोगत आहे. प्रस्तुत प्रकरणी तो शिथिल करण्यात यावा. खाली दोन सह्यांना जागा. काकूंनी सही केली नाही. त्यांनी पेन्सिलीने लिहिले, “पंखा माझ्या सुरात असेल तर हरकत नाही.”

हा खरे तर टोमणा होता. गाणाऱ्या बाईने पत्त्यांत रमलेल्या नवऱ्याला मारलेला. पण काकांनी आयुष्यभर फाइलीवरचा एकही शेरा दुर्लक्षिला नव्हता; शेरा आला की त्याचे पालन करायचे, एवढेच त्यांना ठाऊक. ते त्या ओळीकडे बराच वेळ पाहत बसले. मग कागद ओढून गणित मांडू लागले. पंख्याला सात पाती. एका फेऱ्यात हवेला सात थपडा. मिनिटाला दोन हजार फेरे, तर सेकंदाला दोनशे तेहतीस थपडा. त्यांनी काकूंची पेटी उघडली, पाचवी काळी पट्टी दाबून धरली, भाता हलवला.

“कुमुद, तुझा सा म्हणजे दोनशे तेहतीस.”

“माझा सा म्हणजे माझा सा,” काकू म्हणाल्या. पण भाजी निवडता निवडता थांबल्या.

आता अडचण अशी की दोन हजार फेऱ्यांचा पंखा म्हणजे आळशी पंखा. वारा कमी, म्हणून ताप जास्त. त्यावर उपाय एकच: पंखा मोठा हवा आणि खालचा धातूचा ठोकळा त्याहून मोठा. काकांनी मला हे चहावर समजावून दिले. कपातल्या चहावर कितीही जोराने फुंकर घाला, तोंड पोळते. बशीत ओता, आणि हलकी फुंकर पुरते. “आपल्याला बशी पाहिजे. कपावर फुंकायला ती पाच हजारवाली भवानी.”

त्या शनिवारी समिती बशीच्या शोधात नेहरू प्लेसच्या संगणक-बाजारात गेली. काकूंनी तिथे जायला रेशमी साडी नेसली होती आणि पर्समध्ये सूर देणारी छोटी पिपाणी घेतली होती. सोल्डरिंगचा कडवट धूर, छोले-कुलच्यांचा आंबूस वाफारा, पुठ्ठ्यांच्या खोक्यांचा कोरा वास. त्या गर्दीत ही बाई मैफिलीला आल्यासारखी चालत होती. काकांच्या ओळखीच्या दुकानात दाढीला जाळी लावलेले एक सरदारजी बसत. त्यांनी काकूंना यूपीएसच्या खोक्यावर बसवले, थंड पेय मागवले आणि बॅटरीला जोडून एकामागून एक पंखे फिरवून दाखवायला सुरुवात केली.

काकू पिपाणी फुंकत, पंख्याकडे कान लावत आणि हात हलवत. पहिला चढा. दुसरा चढा आणि वर कंप. तिसऱ्याला त्यांनी ‘नाकात गातो’ म्हणून नापास केले. पाचव्याला सरदारजींचा धीर सुटू लागला.

“भाभीजी, पंखा है. शहनाई थोड़े ही है.”

“बेसुरा है, भाईसाहब. घर में रखना है, ट्रक में नहीं.”

सरदारजींनी कपाळाला हात लावला आणि मग, या बाईपासून सुटका नाही हे ओळखून, स्वतःच शोधात पडले. माळ्यावरच्या खोक्यातून त्यांनी एक काळा, बशीएवढा पंखा काढला. कोणत्यातरी मोठ्या यंत्रातला, सात पात्यांचा. तो आधी वाजला तो दमदार, पण थोडा चढाच. काकांनी वायरीत एक फिरवायची कळ जोडून घेतली, रेडिओचा आवाज कमीजास्त करायची असते तशी, आणि ती हळूहळू मागे आणली. सूर उतरला, जरा फार उतरला, परत किंचित चढला. काकूंनी पिपाणी फुंकली. दोन आवाज क्षणभर एकमेकांभोवती लहरत राहिले, ती लहर मंद होत गेली, आणि मग एकच आवाज उरला. शेजारच्या दुकानातली दोन पोरे बघायला आली होती, तीही वाकून ऐकू लागली. काकूंनी डोळे मिटलेले होते. खोक्यावर बसल्या बसल्या, भर बाजारात, त्यांनी अगदी हलका सा लावला.

“ये ले जाओ,” सरदारजी दबलेल्या आवाजात म्हणाले. “नहीं तो ये यहीं बैठ जाएँगी.”

त्या पंख्याला साजेसा ठोकळा मिळाला तो अर्ध्या विटेएवढा, तांब्याच्या तळाचा. काकांनी प्रोसेसर आणि तांबे यांच्यामध्ये पांढरी पेस्ट लावली, ती काकूंकडून शिकून, विड्याच्या पानाला चुना लावतात तितकीच पातळ. तरी पहिल्या दिवशी एक खरखर येत होती. काका म्हणाले, तुझ्या तानपुऱ्याची जवारीसुद्धा अशीच खरखरते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. “ही जवारी नाही, हा पत्रा आहे.” आणि तानपुऱ्याच्या जुन्या गवसणीचे चार तुकडे कापून पंख्याच्या चार कोपऱ्यांखाली त्यांनी स्वतः सरकवले. खरखर गेली.

पण साडेचारशे गेले ते गेलेच. काळी पाचवर फिरणाऱ्या पंख्याला उन्हाळ्यात तेवढा ताप झेपेना. मेच्या दुपारी पडदा पुन्हा निळा झाला. काका दोन दिवस फाइल मांडीवर घेऊन बसले. कळ थोडी पुढे फिरवली असती तर वेग राहिला असता आणि सूर चढला असता. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचे टिपण लिहिले: ‘वेग पावणेचारशेवर आणण्यात येत आहे. षड्ज कायम.’ चार वाजता काकू बसल्या, तानपुऱ्याच्या चार तारा त्या पंख्याशी मिळवून घेतल्या आणि गायल्या. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवसापासून दोन तानपुरे ऐकू येऊ लागले. वीज गेली की मात्र संगणकाला बॅटरीवर तगवणारा यूपीएस टिटवीसारखा ओरडे, तोही तीव्र मध्यमात, आणि काकू तान अर्धी टाकून म्हणत, “याचीपण समिती बसवा.”

पुढे काका निवृत्त झाले. मेट्रो आली, झाडे आली, आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी दोन-दोन संगणक बदलले. काकांनी बदलला नाही. मला तो हट्ट वाटे. एकदा आमच्याकडचा नवा बघायला आले, पालथा हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, “चाळीस. पण बोलत नाही काही.”

मग एका हिवाळ्यात काकूंना मोठा खोकला झाला, आणि तो गेला तेव्हा आवाजाचे वरचे टोक घेऊन गेला. त्या दोन महिने तानपुऱ्याकडे फिरकल्या नाहीत. काळी पाच लागत नव्हती आणि त्याखाली उतरणे त्यांच्या मिरजेच्या शिस्तीत बसत नव्हते. तो काळ आमच्याही घरात फार कोरडा गेला. मग एका सकाळी सहाला भिंतीतून पंख्याचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता. जरा जाड, जरा पोक्त. काकांनी कळ मागे फिरवून पंखा काळी चारवर आणून ठेवला होता आणि स्वतः पत्ते खेळत बसले होते. तिसऱ्या दिवशी तारा त्याच्याशी जुळवल्याचे आम्ही ऐकले.

पंखा मंदावला की वेग खाली आणावा लागे. पावणेचारशेचे तीनशे झाले. म्हणजे ज्या आकड्यावर कंपनीने तो मेंदू घडवला होता तिथे काका परत आले. काही वर्षांनी काकू पांढरी पाचवर उतरल्या, पंखा त्यांच्या पाठोपाठ उतरला, आणि एका कडक मे महिन्यात मी गेले तेव्हा काकांनी पत्र टंकताना एक अक्षर दाबले, ते पडद्यावर उमटेपर्यंत चष्मा पुसला, आणि मग दुसरे दाबले.

“किती आहे आता?” मी विचारले.

“सव्वादोनशे.” त्यांनी मान वर केली नाही. “सरकारसुद्धा मला याच्यापेक्षा जोरात चालवत होतं.”

त्यांचा मुलगा एव्हाना गुडगावला उंच इमारतीत राहू लागला होता आणि आईवडिलांना घेऊन जायला आला. भला मुलगा. नव्या घराचा नकाशा त्याने जेवणाच्या टेबलावर पसरला. आईला गाण्यासाठी स्वतंत्र खोली, दाराला आवाज अडवणारी पट्टी. बाबांना स्वतंत्र खोली, नवा लॅपटॉप, अजिबात आवाज न करणारा. आता कोणाचा कोणाला त्रास नाही, असे तो हिंदीमिश्रित मराठीत आनंदाने सांगत होता. काकूंनी नकाशा फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला.

“आणि मला सा कुठून ऐकू येणार?”

“आई, अ‍ॅप आहे ना. तानपुऱ्याचं. एकदम परफेक्ट.”

“परफेक्ट मला काय करायचाय,” काकू म्हणाल्या. “यांचं यंत्र माझ्या खोलीत ठेव. बाजूला खुर्ची ठेव एक.”

काका त्या वेळी खिडकीशी उभे होते. ते विमान बघत आहेत असे त्यांनी दाखवले. विमान नव्हते.

त्यांना निरोप द्यायला मी खाली उतरले ती सकाळ उन्हाळ्याची, पण अजून न तापलेली. ट्रक सामान घेऊन पुढे गेला होता. काकू टॅक्सीत मागे बसल्या, तानपुरा लेकरासारखा मांडीवर आडवा, त्याची मान खिडकीबाहेर डोकावत होती. काका कॅबिनेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून पुढच्या दाराशी आले. चादरीत गुंडाळलेले ते धूड पाहून ड्रायव्हर लगबगीने उतरला.

“अंकलजी, इसे डिक्की में रख देता हूँ.”

“नहीं भाई,” काका म्हणाले. “सुर में है. उतर जाएगा.”

ड्रायव्हरने एकदा काकांकडे, एकदा मागच्या तानपुऱ्याकडे पाहिले आणि दार उघडून धरले. काका कसेबसे बसले, ते ओझे गुडघ्यांवर घेतले, चादरीच्या आत पालथा हात सारला आणि डोळे मिटले. आकडा सांगतील म्हणून मी वाकले. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, जाडसर, पांढरी पाचमधला: “अहो, सीट जरा पुढे घ्या. भोपळा दबतोय माझा.”